उतारवयाआधीचा स्वभावबदल आणि तालुक्याचा दवाखाना

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा मेंदूच्या कपाळामागील अग्रखंडाचा आणि कानशिलालगतच्या शंखखंडाचा क्रमाक्रमाने ऱ्हास घडवणारा आजार असून, तो बहुतेक रुग्णांत ४५ ते ६५ या वयात, म्हणजे घरातले कर्ते माणूस हातीपायी धड असतानाच सुरू होतो. प्रागमधील अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा रुग्णाचे वर्णन केले, तेव्हापासून वैद्यकाला त्याची ओळख आहे. तरीही तो ओळखण्यास होणारा उशीर सगळीकडेच वर्षांत मोजावा लागतो, आणि मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचे तर कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते अशा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तो आणखी लांबावा हे ओघानेच आले.

स्मरणशक्ती सुरुवातीला बरीचशी शाबूत राहते, हेच हा आजार नजरेतून सुटण्याचे मुख्य कारण होय. कालचे जेवण, नातवाचे नाव आणि खर्डीच्या बाजारातून घरी यायची वाट ज्याला नीट आठवते, तो तारीख, वार, ठिकाण विचारणाऱ्या नेहमीच्या छोट्या चाचणीत चांगले गुण मिळवतो आणि डॉक्टरही निश्चिंत होतात. बिघडलेले असते ते वागणे. आजाराच्या वर्तनप्रधान प्रकारासाठी २०११ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत संयम सुटणे, कशातच रस न उरणे, दुसऱ्याच्या सुखदुःखाची जाणीव लोपणे, त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणे, खाण्याच्या सवयी पालटणे, आणि स्मरणशक्ती तुलनेने टिकून असताना नियोजन व निर्णय यांची क्षमता ढासळणे अशा सहा बाबी असून, त्यांपैकी तीन आढळल्या आणि त्या वाढत चालल्या असतील तर या आजाराची शंका घ्यावी लागते. गावात हेच निकष वेगळ्या रूपात समोर येतात: माणूस मयताच्या घरी हसतो, टपरीवरचा बिस्किटपुडा पैसे न देता उचलतो आणि कोणी हटकले तर त्याला काहीच वाटत नाही, डब्यातला गूळ संपेपर्यंत खात राहतो, आवणीच्या दिवसांत ओटीवर बसून राहतो आणि बायको तापाने फणफणली असतानाही तिच्याकडे जेवण मागतो. दुसऱ्या प्रकारात आधी भाषा जाते; शब्दांचे अर्थ हरवतात किंवा बोलणे अडखळत तुटक होते, आणि पुष्कळदा त्याला अर्धांगवायूचा सौम्य झटका समजले जाते.

अशा माणसाला घरचे आळशी, बेवडा किंवा निर्लज्ज ठरवतात, कोणी करणीचा संशय घेतात आणि भगताकडे नेतात. यात घरच्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही, कारण दवाखान्यातूनही त्यांना बहुधा झोपेच्या गोळ्यांपलीकडे काही मिळालेले नसते. सर्वांत जास्त सोसते ती रुग्णाची पत्नी, कारण नवरा बदलला तो तिच्या वागण्यामुळे असे सासरचे म्हणतात आणि तो स्वतः आपल्यात काही बदल झाला आहे हेच मान्य करत नाही. हा मेंदूचा आजार आहे, तो मुद्दाम असे वागत नाही आणि यात तुमची काही चूक नाही, ही वाक्ये डॉक्टरांनी केवळ तिला नव्हे, तर तिच्या दिराला आणि सासूलाही समोर बसवून सांगितली पाहिजेत, कारण बरे करणारे औषध नसलेल्या या आजारात तालुक्याचा डॉक्टर देऊ शकतो असा हा सर्वांत परिणामकारक उपचार आहे.

त्याआधी अर्थातच बरे होऊ शकणारे विकार वगळावे लागतात. थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, सिफिलिस, दीर्घकाळची दारू, डोक्याला मार लागून कवटीखाली साचलेले रक्त आणि अग्रखंडातील गाठ ही सर्व कारणे स्वभाव बदलू शकतात. माहिती घरच्यांकडून, आणि शक्यतो रुग्णाच्या माघारी घ्यावी, कारण त्याच्यासमोर ते मोकळेपणाने बोलत नाहीत. औषधांच्या बाबतीत अल्झायमरसाठी दिले जाणारे डोनेपेझिल येथे उपयोगी पडत नाही आणि कधी अस्वस्थता वाढवते, तर मनोविकारावरील हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी या रुग्णांत अंग ताठरणे व पडणे लवकर सुरू होते. म्हणून फार त्रासदायक वर्तनासाठी आधी सर्ट्रालिनसारख्या औषधांचा विचार केला जातो.

या दोन तालुक्यांत आणखी एक धोका आहे आणि तो जमिनीचा आहे. फार्महाऊस, प्लॉटिंग आणि शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांमुळे येथे सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाभोवती दलाल फिरतात, आणि निर्णयशक्ती गमावलेला पण बोलायला चालायला ठीक दिसणारा माणूस पाहता पाहता साठेखतावर सही करून बसतो. करार करणारा करारावेळी समजबुद्धीने सक्षम असला पाहिजे अशी १८७२ च्या भारतीय करार कायद्याची अट आहे. परंतु तो तसा सक्षम नव्हता हे नंतर कोर्टात सिद्ध करताना केस पेपरवर तारखेसह लिहिलेली दोन ओळींची नोंद कुटुंबाचा मोठा आधार ठरू शकते, आणि घाईच्या ओपीडीत ती लिहिली जात नाही. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की निभावले, असा समज घरोघरी आहे. तथापि मुखत्यार नेमणारा मनाने अक्षम झाला की त्याच कायद्यानुसार मुखत्यारी संपते, त्यामुळे कायद्याने पालक नेमून घेण्याविषयी वकिलाचा सल्ला लवकर घ्यायला सांगणे हेही डॉक्टरांचेच काम आहे.

कुटुंबाला आधार द्यायला मोठी यंत्रणाच लागते असे नाही, हे गोव्यात दिसले आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबांबरोबर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक, अल्प प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन आजाराची माहिती, वर्तन हाताळण्याच्या युक्त्या आणि सरकारी मदतीची वाट दाखवली, तेव्हा रुग्णाचे वागणे फारसे बदलले नाही, पण काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि त्या वागण्यामुळे होणारा त्यांचा ताप कमी झाला. ते रुग्ण वयाने मोठे होते हे खरे, मात्र पद्धत तीच चालण्यासारखी आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी व आशा सेविका यांच्यामुळे ती राबवणारी माणसे किन्हवली, डोळखांब, धसई आणि टोकावडे या भागांत आधीपासून आहेत. आशा सेविकेला एवढेच शिकवावे लागेल: वाद घालू नये, गूळ-साखर आणि पैसे कुलपात ठेवावेत, फिरण्याची सवय असेल तर तिला एक ठरलेला, सुरक्षित रस्ता द्यावा, आणि घरातली बाई रात्री झोपते का हे दर भेटीत विचारावे.

सरकारी योजनांची वयोमर्यादा मात्र या रुग्णांच्या आड येते. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम साठीनंतर लागू होतो, तर हे रुग्ण पन्नाशीतले असतात. म्हणून उत्पन्नाची अट पूर्ण होत असल्यास ६५ वर्षांपर्यंतच्या निराधारांसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि तिला आधार देणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, यांचे कागद निदानाबरोबरच सुरू करावेत. मराठीतही बोलता येणारी १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून विनाशुल्क उपलब्ध असून, तिचा क्रमांक केस पेपरच्या मागे लिहून देण्यास काहीच वेळ लागत नाही.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागेल. पावसाळ्यापर्यंत बाहेर राहणाऱ्या या घरांत आजारी माणूस एकतर म्हाताऱ्यांच्या भरवशावर वाडीत मागे राहतो, नाहीतर धगधगत्या भट्टीच्या आणि मालाच्या ट्रकच्या वर्दळीत सोबत नेला जातो. त्यामुळे अशा घराला आशा सेविकेची भेट दिवाळीआधी झाली पाहिजे, पुरेशी औषधे बरोबर गेली पाहिजेत, आणि ज्या गावी भट्टी आहे तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे निदान व औषधे लिहिलेली चिठ्ठी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून त्या कुटुंबाच्या हाती पडली पाहिजे.