कामगार टिकत नाही की टिकवला जात नाही?

शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्रीमालकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते : कुशल कामगार टिकत नाही. तक्रार खरी आहे. निदान खोटे आहे. भट्टीच्या धगीत राबणारा मोल्डर वर्षानुवर्षे ठेकेदाराच्याच हजेरीपटावर राहावा, त्याच्या कसबाला बढतीची वाट नसावी, आणि तरीही त्याने कारखाना आपला मानावा, हे कसे घडणार? निष्ठा एकतर्फी मागता येत नाही.

याच करवीर नगरीत २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पण हुकूम काढून ते थांबले नाहीत. माणसे घडावीत म्हणून त्यांनी वसतिगृहे उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे या पागेतील नोकराला हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि तेथे स्वतः चहा घेतला. संधी, शिक्षण आणि सन्मान यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरील कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. मात्र नोकरी सोडताना मिळणारी रक्कम म्हणजे नोकरीतील स्थैर्य नव्हे. म्हणून कामगार संघटनांनी पगारवाढीबरोबरच प्रशिक्षण, बढती आणि कायम नेमणूक यांचीही मागणी करावी. कामगार टिकावा असे वाटणाऱ्या मालकांनी ती नाकारण्याचे कारण काय?