धावण्यापूर्वी जरा बसून दाखवा!

पुंडलिकनगरच्या रस्त्यांवर भल्या पहाटे दूधवाल्याच्याही आधी भेटतात ती धावणारी पोरे. काही गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालेली, काही सिमेंटच्या रस्त्यावरच घाम गाळणारी. आपल्या वर्गातलेही चेहरे त्यांत ओळखू येतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यांतले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे. बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीचे. जाहिरात निघाली रे निघाली, की काल दोनशे मीटरवर धापा टाकणारा गडी आज पाच किलोमीटर पळू लागतो. पुढे महिन्या-दीड महिन्यात त्यांतलाच कुणी नडगी धरून ओट्यावर बसलेला दिसतो. हाडाला केसाएवढी चीर गेली, की कित्येक आठवडे पळणे बंद. वयाची अट खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. एक भरती हुकली म्हणजे काय हुकते, हे ज्याच्या घरी शेती कोरडवाहू आहे त्याला विचारावे.

माझे म्हणणे साधे आहे. पोराला पळवण्याआधी त्याचे शरीर हलते कसे, हे कुणीतरी नीट पाहावे. उंची मोजतात, छाती मोजतात, वजन करतात. पण बैठक मारताना गुडघा आत वळतो का, टाच उचलते का, एका पायावर उभे राहिल्यावर कंबर कलते का, उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का, याकडे बघतो कोण? कबड्डी आणि खो-खोमध्ये पळता पळता एकदम वळावे लागते. गुडघ्यातला स्नायुबंध तुटतो तो बहुधा अशाच वळणावर किंवा उडीवरून उतरताना.

यात नवे काही नाही, असे कुणी म्हणेल. खरेच आहे. तालमीतला वस्ताद कठड्यावर बसून हेच करीत असे. पोराच्या जोर-बैठका पाहून तो सांगे, ‘तुझा डावा खांदा मागे राहतो, आठ दिवस कुस्ती नको.’ मल्लखांब शिकवणारा तर खांबाखालून हलतच नाही. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड चाळले, तर आपल्या माणसांनी एकेका हालचालीचा किती बारीक विचार केला होता, ते कळते. पण वस्तादापुढे पोरे मोजकी आणि रोजची असत. आज एकेका मैदानात शंभर-शंभर पोरे एका शिट्टीवर पळतात.

अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी या नजरेला गुणपत्रिका जोडली. सात हालचाली, प्रत्येकीला ३ गुण, एकूण २१. गंमत अशी, की पहिलीच हालचाल म्हणजे डोक्यावर काठी धरून मारलेली आपली खोल बैठक! उकिडवे बसणे आपल्या आजोबांच्या अंगवळणी पडले होते. खुर्ची आणि बाकावर वाढलेल्या आपल्या पिढीची टाच मात्र जमिनीला टेकत नाही. २००७ साली तिकडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या एका छोट्या अभ्यासात १४ वा त्याहून कमी गुणवाल्यांना दुखापती जास्त झाल्याचे दिसले आणि १४ हा आकडा जगभर गाजला. पुढच्या अभ्यासांनी त्याची हवा काढून घेतली. कमी गुणांचे कितीतरी खेळाडू वर्षभर धडधाकट राहिले आणि भरघोस गुणांचे जायबंदी झाले. अशा चाचणीने दुखापतीचे भाकीत होत नाही, हे नॉर्वेच्या रोआल्ड बार यांनी २०१६ साली स्पष्टच मांडले.

मग चाचणी टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. गुणपत्रिका टाकावी आणि नजर ठेवावी. कुंडली मांडून कुणाला ‘नापास’ करण्यासाठी ही पाहणी नव्हेच. काय सुधारायचे, एवढे कळले तरी पुरे. नॉर्वेतच २००७ साली १३ ते १७ वयाच्या अठराशेहून अधिक फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर प्रयोग झाला. खेळापूर्वी वीसेक मिनिटे पळणे, तोल, ताकद आणि नीट उतरण्याचा सराव ज्यांनी केला, त्यांच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी भरल्या. तिथे निवड केलेली नव्हती. सराव सगळ्यांनाच होता. आणि पाहणीइतकाच मोलाचा एक प्रश्न असतो: ‘पूर्वी काय दुखले होते?’ जुनी दुखापत ही नव्या दुखापतीची सर्वांत खात्रीची पूर्वसूचना. पोरे ती लपवतात, मुली तर अधिकच. म्हणून मुलींना हा प्रश्न बाईंनीच विचारावा. उत्तर मिळाले, तर आठवड्याचे अंतर बेताबेताने वाढवण्याचे गणित तरी मांडता येते.

आपल्या जिमखान्याला हे अवघड नाही. एक काठी, एक बाक, प्रत्येकी दहा मिनिटे. हालचाल डोळ्यांतून निसटली, तर मोबाईलवर चित्रण करून सावकाश पाहता येते. शहरात फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. त्या विद्यार्थ्यांनाही पाहायला माणसे हवीच असतात. शारीरिक शिक्षण संचालकांनी त्यांना जूनमध्ये, प्रवेशाच्याच आठवड्यात बोलवावे. डिसेंबरात, क्रीडा महोत्सवाच्या आदल्या दिवशी नव्हे. तोवर अर्ध्या संघाच्या गुडघ्यांवर पट्ट्या चढलेल्या असतात.