जुने यंत्र, अनोळखी प्रणाली आणि आपली मराठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिली जाणारी नियमित सुरक्षा-सेवा थांबविली. व्यक्तिगत ग्राहकांसाठी एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली खरी, पण ती माफी नव्हती, केवळ पुढची तारीख होती. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी अशा की, संगणकात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ च्या मध्यापूर्वी घेतलेला संगणक कितीही धडधाकट असो, कंपनीच्या लेखी तो बाद झाला.

असे संगणक पुण्यात थोडे नाहीत. पेठांतील ग्रंथालये, गृहरचना संस्थांच्या खोल्या, शाळांची कार्यालये, छोटे छापखाने आणि असंख्य मध्यमवर्गीय घरे यांतून ते आजही पत्रे लिहितात, पावत्या काढतात, वर्गणीच्या याद्या सांभाळतात. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत यापैकी एखादा नेऊन दाखविला, तर जाणता कारागीर सांगेल की यंत्राला काही झालेले नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, थोडी रॅम वाढवा, आणखी पाच-सहा वर्षे निघतील. तरीही ते भंगारात चालले आहेत. कारण विचारले तर एकच उत्तर मिळते : दुसरी प्रणाली आम्हाला येत नाही.

या उत्तराचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेचे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचला. गृहिणी, शिक्षक, तलाठी, निवृत्त कारकून अशा सर्व थरांतील लोकांनी प्रथमच माउसला हात लावला. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण वास्तविक पाहता आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती जे लागले ते संगणकाचे ज्ञान नव्हते; एका कंपनीच्या एका आवृत्तीतील मेनूंचा क्रम होता. ‘स्टार्ट’वर टिचकी, मग अमुक, मग तमुक. क्रम बदलला की ज्ञान संपले. ज्याला एकाच बनावटीची शिवणयंत्रे चालविता येतात, त्याला शिवणकाम येते असे आपण म्हणत नाही.

लिनक्स ही अशीच एक ‘न येणारी’ प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला; त्यापूर्वी, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली होती. दोहोंच्या संयोगातून उभी राहिलेली ही प्रणाली आज जगातील बहुसंख्य सर्व्हर चालविते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे, हे ‘लिनक्स आम्हाला जमणार नाही’ असे त्याच फोनवरून कळविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे! तिचा ‘मिंट’ नावाचा एक अवतार दोन गिगाबाइट रॅमवरही चालतो. चार असली तर सुखाने. पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकात काहीही न बदलता, ती आधी चालवून पाहता येते. नाही आवडली तर पेनड्राइव्ह काढावा, संगणक होता तसा. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ३२-बिट प्रोसेसरच्या फारच जुन्या यंत्रांसाठी आता पर्याय थोडे उरले आहेत. तो हट्ट धरू नये.

शिकायचे काय असते? पहिली अडचण ‘सी ड्राइव्ह’ न दिसण्याची. येथे ‘सी’, ‘डी’ असे वाडे नसतात. एकच मूळ असते आणि त्याच्या फांद्या असतात. आपली सारी कागदपत्रे ‘होम’ या फांदीवर. दुसरी, फाइलच्या नावात लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी धरली जातात. तिसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नवे सॉफ्टवेअर कोठूनतरी सीडी आणून किंवा ‘क्रॅक’ शोधून टाकायचे नसते. प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून ते विनामूल्य घ्यायचे असते आणि घेताना परवलीचा शब्द विचारला जातो. हा परवलीचा शब्द सुरुवातीला कटकट वाटतो. पण आजवर आपल्या यंत्रात कोणीही येऊन काहीही टाकून जात होते आणि आपल्याला पत्ता नसे, हे त्यामुळेच प्रथम उमगते. चोरीच्या प्रती वापरण्याची जी सवय आपल्या सुसंस्कृत घरांतही बिनदिक्कत रुजली होती, तिला यात जागाच उरत नाही. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस आहे, आंतरजालासाठी फायरफॉक्स आहे. पंधरा दिवसांत हात बसतो.

जे होणार नाही तेही सांगावे. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनविलेले आहे, काही प्रिंटर रुसून बसतात, डिजिटल सहीचे टोकन चालविताना घाम फुटतो. ज्या कार्यालयाचा सारा हिशेब टॅलीवर आहे, त्याने हिशेबाचा संगणक निराळा ठेवावा.

परंतु मराठी माणसासाठी या साऱ्याहून मोठा प्रश्न दुसराच आहे, आणि त्याचे मूळ पुण्यातच आहे.

१९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याच संस्थेतील दुसरे काम त्या मानाने कमी सांगितले जाते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्यासमवेत पुण्यास आले आणि ‘जिस्ट’ या नावाने विकसित झाले. संगणकात एक कार्ड बसवायचे, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. या कामाच्या पायावरच भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही प्रमाण सांकेतिक पद्धती उभी राहिली आणि पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवरून घेतली. आज जगातील कोणत्याही फोनवर मराठी दिसते, त्यात पुण्याचा वाटा असा आहे.

दुर्दैवाने मधली पंधरा-वीस वर्षे निराळ्याच वाटेने गेली. विंडोज आणि पेजमेकर यांचा जमाना आला. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम अशी पॅकेजे घरोघर पोहोचली. त्यांनी मराठी मुद्रणाचा कायापालट केला, हे मान्यच केले पाहिजे. त्या काळी दुसरा मार्गही सोपा नव्हता. पण छपाईसाठी वापरले गेलेले त्यांतील टंक एक युक्ती करीत : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. इंग्रजी चिन्हांची निरर्थक माळ होती, तिच्यावर देवनागरीचा मुखवटा होता. तो विशिष्ट टंक यंत्रात नसेल, तर मुखवटा गळून पडतो आणि पडद्यावर नुसता कचरा उरतो. प्रत्येक पॅकेजची जुळणी वेगळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. त्यातच अनेक पॅकेजांबरोबर ‘हार्डवेअर लॉक’ येई. संगणकाच्या पाठीमागे लावायची ती लहानशी डबी हरवली, की सारे ठप्प. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची आहे. पुढे ते बंदच झाले.

याचा अर्थ काय होतो, तो शांतपणे पाहावा. १९९० पूर्वीचा मजकूर कागदावर आहे. २०१० नंतरचा बहुतांशी युनिकोडमध्ये आहे. मधल्या काळातील संस्थांची इतिवृत्ते, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, कुलवृत्तांत, ग्रंथालयांच्या याद्या, एखाद्या अभ्यासकाचे न छापलेले हस्तलिखित हे सारे अशा मुखवट्याच्या मराठीत, जुन्या संगणकांच्या हार्डडिस्कवर पडून आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतो. मोडी शिकण्याचे कष्ट घेतले म्हणजे झाले. वीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेली स्मरणिका मात्र वाचता येत नाही, कारण तिची किल्ली जिच्यात होती ते यंत्र आपण भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेची पंधरा वर्षे अशी हातची जाऊ देणे कोणत्या अभिमानात बसते?

म्हणून जुना संगणक टाकण्यापूर्वी, आणि त्याच्यावर नवी प्रणाली चढविण्यापूर्वीही, त्यातील मराठी बाहेर काढली पाहिजे. ज्या यंत्रावर जुने पॅकेज चालते ते आंतरजालापासून तोडून तसेच जपावे. फाइलींची एक प्रत जशीच्या तशी बाहेर घ्यावी, दुसरी पीडीएफ करून. पीडीएफमध्ये मजकूर दिसतो, पण त्यात शोध घेता येत नाही. म्हणून तिसरी प्रत युनिकोडमध्ये. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, मात्र ती निर्दोष नाहीत. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचे नेमके उलट. यंत्र येथेच घसरते, आणि तपासणीला मराठी जाणणारा माणूसच लागतो.

आता लिहिण्याविषयी. नव्या प्रणालीवर मराठी कशी टंकलिखित करायची, या भीतीने पुष्कळजण अडतात. वास्तविक येथे शिकण्याजोगी एकच गोष्ट आहे : इनस्क्रिप्ट कळफलक. तो भारत सरकारने प्रमाण ठरविला असून विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सर्वत्र तोच मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. मधल्या ओळीवर प, र, क, त, च, ट. शिफ्ट दाबले की प चा फ, क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ. डावीकडे शिफ्टशिवाय मात्रा, शिफ्टसह पूर्ण स्वर. अल्पप्राण-महाप्राणांचे जे वर्गीकरण आपल्या व्याकरणकारांनी हजारो वर्षांपूर्वी केले, तेच बोटांखाली मांडलेले आहे. रोमन अक्षरांत ‘एमएआर...’ असे लिहून मराठी उमटविण्याची सवय तरुण पिढीला जडली आहे. त्यामुळे न आणि ण, श आणि ष यांतील भेद हातातून आणि मग कानातूनही जातो. याविषयी कोणी सौम्यपणे बोलावे असे मला वाटत नाही. इनस्क्रिप्टला रोज अर्धा तास, महिनाभर दिला की पुरे. मग प्रणाली कोणतीही येवो, मराठी हातात राहते. लिनक्सवरील देवनागरीसाठी रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेली ‘लोहित’ ही टंकमाला आहे. तिला डबी लागत नाही आणि ती कोणी परत मागूही शकत नाही.

‘परत मागणे’ हा शब्द मुद्दाम वापरला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायारा एनर्जीवर निर्बंध लादले. लगोलग मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या ई-मेल आदी सेवा तोडल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, मग सेवा पूर्ववत झाल्या. ज्या निर्बंधांशी भारतीय कायद्याचा संबंध नाही, त्यांच्यापायी भारतातील कारखान्याची टपालपेटी बंद होते, हे चित्र डोळे उघडणारे आहे. शासन स्वस्थ बसलेले नाही. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्येच दिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणालीकडे वळण्याचे ठरविले. केरळने २००७ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला आणि तेथील शाळांतील मुले लिनक्सवरच संगणक शिकली. त्या वेळच्या डाव्या राजवटीशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत, पण चांगले ते घ्यावे. महाराष्ट्राने, आणि ज्या शहरात जिस्ट घडले त्या पुण्याने, हे केरळच्या आधी करायला हवे होते.

शासकीय आदेशांची वाट पाहण्याचे मात्र प्रयोजन नाही. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या ग्रंथालयाच्या खोलीत दोन महाविद्यालयीन तरुण आणि जुन्या स्मरणिकेचे संपादन केलेले एक ज्येष्ठ असे तिघे बसले, तरी काम उभे राहते. तरुणांनी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून दाखवावी, काकांनी रूपांतरित मजकूर जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावा. हार्डडिस्कची प्रत काढल्याशिवाय कशालाही हात लावू नये. तपासणीला आरंभ नावांच्या यादीपासून करावा. कुलकर्णी, धर्माधिकारी, गर्गे, बर्वे. रफार जेथे दाटीने येतात तेथेच यंत्राच्या चुका आधी सापडतात.