कांचेआडची सिंधू

जुन्या संगीत नाटकांतील पात्रांच्या वेषधारी बाहुल्या जमविण्याची हौस आमच्या सुशिक्षित वर्गांतील कांहीं कुटुंबांना आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मुंबईकरांनीं बांधलेल्या सुट्टीच्या बंगल्यांतून असे संग्रह आम्हीं पाहिले. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, सिंधू, साऱ्या जणी जरीच्या वस्त्रांत, नथ-बुगड्यांसह, कांचेच्या कपाटांत ओळीनें उभ्या! संग्राहकांची चिकाटी आम्हांस मान्य आहे; परंतु ह्या हौसेला ते नाट्यप्रेम म्हणतात, तें मात्र मान्य नाहीं.

नाटकांत वेष हा निव्वळ शोभेचा नसतो. पुष्कळदां तेंच कथानक असतें. १८८० सालच्या 'शाकुंतला'ची नायिका वल्कलांत वाढलेली आहे, म्हणूनच राजसभेंतील तिचा अव्हेर मनास झोंबतो. १८८२ सालच्या 'सौभद्रां'त अर्जुनानें यतिवेष घेतला नसता तर पुढील घोटाळा कोठून होता? १९११ सालच्या 'मानापमानां'त श्रीमंत भामिनी गरीब वनमाला होऊन धैर्यधरापुढें येते. तिचे दागिने उतरलेच नाहींत तर नाटकच उरत नाहीं.

आणि १९१९ सालच्या 'एकच प्याल्यां'तील सिंधू! पतीच्या व्यसनापायीं तिच्या अंगावर ठिगळांचें लुगडें येतें आणि हातीं जात्याचा खुंटा. ज्या बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांची चर्चा घरोघर होई, त्यांनींच तें फाटकें लुगडें नेसून प्रेक्षकांचे डोळे ओले केले. ही सिंधू आम्हांस एकाही कपाटांत आढळली नाहीं. माहेरच्या वैभवांतील सिंधूही खरीच. पण तेवढीच ठेवणें म्हणजे गडकऱ्यांचें नाटक पहिल्या अंकांतच बंद पाडणें होय. दारूनें बुडणारीं घरें शहरांत आणि खेड्यांत आजही आहेत. त्यांची आठवण दिवाणखान्यांत नको, म्हणूनच ठिगळ नको, असेंच ना?

यावर कोणी म्हणेल, "निदान जुन्या वस्तूंचें जतन तर होतें!" जतन होतें तें कापडाचें. सांगलीस १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनीं लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. त्या दीर्घ काळ पडून राहिल्या; रामदास पाध्ये यांनीं दुरुस्त करून त्यांचा पुन्हा खेळ केला, तेव्हां कोठें त्यांत जीव आला. शोभेची बाहुली नाचणार नाहीं हें आम्हांसही कळतें. परंतु तिची गोष्ट सांगण्यास कोणाची आडकाठी आहे? शंकर पिल्ले यांनीं १९६५ सालीं दिल्लींत बाहुल्यांचें संग्रहालय उघडलें, तें मुलांनीं येऊन पाहावें म्हणून. कुलुपाची किल्ली कमरेस लावून मिरवावें म्हणून नव्हे.

तानसा-भातसाचें पाणी शहापुराहून मुंबईस जातें. मुंबईकर शनिवारीं त्याच तालुक्यांत विश्रांतीस येतात. पण कुंपणापलीकडच्या शाळेंतील मुलास त्या कपाटाचें दर्शनही घडत नाहीं. ज्यानें संगीत नाटक कधीं पाहिलेंच नाहीं, त्याच्यासाठीं ह्या बाहुल्या नाटकाचें पहिलें दार होऊं शकतात.

म्हणून संग्राहकांना आमचें सांगणें तीनच गोष्टींचें आहे. प्रत्येक बाहुलीखालीं नाटकाचें नांव, साल, प्रवेश आणि त्या वेषाचें कारण लिहा. जरीच्या सिंधूशेजारीं ठिगळांची सिंधू उभी करा. तिला बाजार धुंडाळावा लागत नाहीं, घरांतील चिंध्या पुरतात आणि त्या शिवण्यास गांवांतील मुलें आनंदानें बसतील. आणि महिन्यांतून एक शनिवार शेजारच्या शाळेस बंगल्याचें दार उघडें ठेवा.

एवढेंही ज्यांस जड वाटतें, त्यांनीं बाहुल्या खुशाल जमवाव्या. मात्र आपण नाटकाची सेवा करतों असें म्हणूं नये. सिंधूला माहेरच्या शालूचा मोह पडला नाहीं. तिच्या पुजाऱ्यांना तो सुटूं नये, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.