झाडाची जबानी



झाड पळून जात नाही. भट्टीच्या धुराड्याखाली जल्मभर उभं राहतं, आपल्या बापासारखं. हवेतलं शिसं, जस्त, तांबं, निकेल त्याच्या पानांवर आणि सालीत साठत जातं. बापाच्या छातीत काय साठलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. झाडानं ठेवलंय.

सांगली शहर २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. सातारा नाही. म्हंजे साताऱ्याची हवा निर्मळ, असं कुणी समजू नये. या कार्यक्रमात धूळ मोजतात. धुळीत धातू कोणता, हा सवाल मागं राहतो. २००९ च्या मानकांत शिसं, निकेल, आर्सेनिक आहेत. कॅडमियम, क्रोमियम, जस्त नाहीत. आणि हवा मोजायचं यंत्र महाग, चारदोन जागीच. पिंपळ मात्र कुपवाडच्या शेडमागंही उगवतो आणि मिरजेच्या नाल्यावरही.

काम अवघड नाही. पावसाळ्याआधी, एका उंचीवरची, सारख्या वयाची पानं तोडा. निम्मी धुवा, निम्मी तशीच ठेवा. वाळवून, आम्लात विरघळवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. न धुतलेल्या पानात जे जास्त निघेल, ते वरून पडलेलं. मुळं जमिनीतूनही धातू ओढतात, म्हणून बुडातली माती तपासा. कारखान्यापासून लांबच्या त्याच जातीच्या झाडाशी ताडून बघा. जुनं सांगायला साल आहे.

पाच जूनला साहेब लोक झाड लावून फोटो काढतात. लावलेल्या झाडाला पुढं कुणी काही विचारत नाही.

वाऱ्याचं शास्त्र या देशाला नवं नाही. पुष्कळ गावांनी वारा बघूनच आपली वस्ती पूर्वेला टाकली. पश्चिमेचा वारा आधी गावाला, उरलेला आपल्याला. आता धुराड्याच्या वाऱ्याखाली कुणाची झोपडपट्टी आहे, जाऊन बघा.

मी गोदीत हमाली करतो. पाळी सुटल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा. तो रुमाल माझं पान. पण रुमाल कोर्टात चालत नाही, आकडा चालतो. म्हणून साताऱ्या-सांगलीच्या पोरांनो, पानं तोडा, तारीख घाला, जागा लिहा, आकडे वस्तीच्या भिंतीवर लावा. मग मागणी करा: झाडाचं पान तपासलंत, आता भट्टीवरच्या कामगाराचं रक्त तपासा.

१९२७ ला महाडात आपण पाण्याला हात घातला. हवा अजून बाकी आहे.