फिल्टर न लावणाऱ्यांना जाब विचारा

इंटरनेटचा एखादा मोठा भाग कोसळला की ठरलेला खुलासा येतो : मानवी चूक झाली. नेटवर्कच्या धंद्यात राहून हा खुलासा ऐकला की माझा संताप होतो. राउटरवर कमांड देणारा माणूस कधीतरी चुकणारच. त्याची चूक न तपासता जगभर पुढे ढकलणाऱ्या कंपनीचे काय?

मोठी नेटवर्क एकमेकांना वाटा कळवतात त्या बीजीपी या प्रोटोकॉलने. तो १९८९ सालचा, मूठभर नेटवर्कच्या काळातला. ‘हे इंटरनेट पत्ते माझ्याकडे आहेत’ असे कोणीही म्हणावे आणि बीजीपीने ते खरे मानावे, अशी त्याची घडण आहे. खरे-खोटे पाहण्याची जबाबदारी नेटवर्क चालवणाऱ्याची.

ती टाळली की काय होते, हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितले. त्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या गटातले २५६ पत्ते आपले म्हणून जाहीर केले. देशापुरता असलेला हा दावा, म्हणजे हा मार्ग, बाहेर गळला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने, म्हणजे त्यांना उरलेल्या इंटरनेटशी जोडणाऱ्या कंपनीने, तो जसाच्या तसा जगाला दिला. दोन दावे असले तर राउटर लहान, अधिक नेमक्या गटाला मान देतो. त्यामुळे जगातल्या बहुतेक भागांत यूट्यूब सुमारे दोन तास गायब झाले. ग्राहकाच्या मालकीचे पत्ते तेवढेच स्वीकारणारा साधा फिल्टर पीसीसीडब्ल्यूकडे असता, तर हे घडलेच नसते.

त्यानंतर कोण शहाणे झाले? जून २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कंपनीकडून गळालेले हजारो मार्ग तिच्या ग्राहकामार्फत व्हेरायझनपर्यंत पोचले आणि व्हेरायझनने ते बिनदिक्कत पसरवले. ठरावीक संख्येपेक्षा जास्त मार्ग आले तर जोडणी आपोआप तोडण्याची सोय राउटरमध्ये असते. ती वापरायची तसदी कोणी घेतली नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडच्या व्होडाफोन आयडियाने तीस हजारांहून अधिक परके मार्ग स्वतःचे म्हणून जाहीर केले.

उपाय हाताशी आहेत. आरपीकेआय या पद्धतीत पत्त्यांचा मालक आपल्या हक्कावर डिजिटल सही करतो आणि इतरांनी खोटा दावा फेकून द्यायचा असतो. मालक खरा पण वाट भलतीच, अशी गळती त्यातून सुटते. म्हणून ग्राहकनिहाय फिल्टर आणि मार्गांच्या संख्येवर मर्यादा हवीच. यातले काहीही नवे नाही, परवडणार नाही असेही नाही.

मग अडते कुठे? फिल्टर सांभाळायचा खर्च एकाचा आणि तो नसल्याचे नुकसान दुसऱ्याचे, इथे. बँकेचे व्यवहार अडकतात, रुग्णालयाची यंत्रणा तुटते. बेफिकीर कंपनीला दमडीचीही तोशीस पडत नाही. ‘माणसे कमी आहेत’ ही सबब मी ऐकून घेणार नाही. नवे ग्राहक जोडायला यांच्याकडे माणसे असतात.

लाज वाटून ही मंडळी सुधारतील, ही आशा मी सोडली आहे. नियामकाने मार्गांची तपासणी परवान्याची अट करावी. सरकारी खाती आणि बँकांनी निविदेतच विचारावे : तुमच्या ग्राहकांचे मार्ग तपासता का, आरपीकेआयमध्ये खोटे ठरलेले मार्ग टाकून देता का? उत्तर नकारार्थी असेल तर कंत्राट देऊ नये. आणि गळती झाली, तर चुकणाऱ्याइतकाच दंड ती पुढे पाठवणाऱ्यालाही बसलाच पाहिजे.