निःशस्त्र उभे राहणारे

गोलमेज म्हटले की आपल्याला आठवते ती १९३० ते १९३२ या काळात लंडनला भरलेली परिषद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या तिन्ही अधिवेशनांना हजर होते, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. पण इंग्रजीत हा शब्द ज्या मेजामुळे रूढ झाला ते मेज आर्थर राजाचे. वेस नावाच्या कवीने ११५५ च्या सुमारास ते प्रथम आपल्या काव्यात आणले. मेज गोल अशासाठी की कोणत्याही सरदाराला आपण वरच्या पाटावर बसलो असे म्हणता येऊ नये. पुढे सर टॉमस मॅलरी याने तुरुंगात असताना या सगळ्या कथा इंग्रजी गद्यात एकत्र आणल्या आणि १४८५ साली कॅक्स्टनने त्या छापल्या. इंग्रजी साहित्याच्या तासाला आपण परीक्षेपुरते एवढेच लिहून घेतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. मीही तेच केले होते. यंदाच्या सुट्टीत मात्र मॅलरीचा ग्रंथ हाती आला, आणि त्यातल्या एका प्रसंगाने माझी झोप उडवली. त्याबद्दल चार शब्द लिहायचे आहेत.

आर्थरचे वीर दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला राजासमोर शपथ घेत. अत्याचार आणि खून करणार नाही, द्रोह करणार नाही, शरण आलेल्याला अभय देईन, स्त्रियांच्या मदतीला धावून जाईन, त्यांच्यावर कधी बळजबरी करणार नाही, आणि अन्यायाच्या भांडणात कोणासाठीही तलवार उपसणार नाही, असा तिचा आशय. वाचताना वाटते, ही नुसती गोड गोड कलमे. पण ही शपथ कोणत्या प्रसंगानंतर आली ते पाहिले पाहिजे. आर्थरच्या लग्नाच्या वेळी त्याचे वीर निरनिराळ्या कामगिरीवर गेले. गवेनने शरण आलेल्या शत्रूला अभय नाकारले; त्याला वाचवण्यासाठी मध्ये आडवी पडलेली स्त्री गवेनच्याच तलवारीने मेली. पेलिनोरला वाटेत एका स्त्रीने जीव तोडून हाक मारली. कामगिरीच्या घाईत तो थांबला नाही. तिने जीव दिला, आणि ती त्याचीच मुलगी होती हे त्याला मागाहून कळले. या दोन घटनांच्या मागोमाग ती शपथ येते. म्हणजे तिची निदान दोन कलमे तरी कोणाच्या तरी रक्ताने लिहिलेली आहेत.

आता मंडळी, आपणही दरवर्षी एक शपथ घेतो, हे किती जणांच्या लक्षात आहे? महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधाचा कायदा १९९९ साली झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे. त्यानुसार विद्यार्थ्याने आणि पालकाने दरवर्षी हमीपत्र भरायचे असते. आपण ते भरतो. खरे म्हणजे सायबर कॅफेवाला भरतो आणि आपण त्याला पैसे देतो. त्यातली कलमेही अशीच कोणाच्या तरी जिवाची किंमत मोजून आलेली आहेत. पण ती आपण वाचत नाही.

मीही वाचली नव्हती. पहिल्या वर्षाला मी एका वसतिगृहात राहत होतो. ते आपल्या महाविद्यालयाचे नव्हे, आणि त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तिथे आमचा सात-आठ जणांचा गट होता. गटाचा एक दादा होता. मी तापाने फणफणलो तेव्हा रात्री एक वाजता मला दवाखान्यात नेणारा तोच, आणि घरून पैसे आले नाहीत तेव्हा खानावळीचे बिल भरणाराही तोच. एका रात्री त्याने सगळ्यांना हातावर हात ठेवायला लावला आणि वचन घेतले : खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जायची नाही. मी मनापासून वचन दिले. ज्याने आपल्यासाठी एवढे केले त्याला नाही कसे म्हणायचे?

पुढे दिवाळीच्या आधी एक नवा मुलगा आला. बुजरा, खेड्यातला, बोली वेगळी. त्याला रात्ररात्र उभे करणे, त्याच्या बोलण्याची नक्कल त्यालाच करायला लावणे, असे सुरू झाले. मी त्याला बोटही लावले नाही. एक अक्षर बोललो नाही. मी फक्त दाराशी उभा असायचो, रेक्टर येतात का ते पाहायला. नवव्या दिवशी तो पत्र्याची ट्रंक घेऊन गावी गेला, तो परत आला नाही. रेक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही सगळ्यांनी सांगितले, त्याला घरची आठवण येत होती.

मॅलरीच्या ज्या प्रसंगाने माझी झोप उडवली तो असा. राणी ग्विनेव्हिअर आणि लान्सलॉट यांचे प्रेम उघडकीला येते. राजा राणीला जाळण्याची शिक्षा देतो आणि गवेनला तिथे हजर राहण्याची आज्ञा करतो. गवेन स्वच्छ नाही म्हणतो. मग राजा त्याच्या धाकट्या भावांना, गॅहेरिस आणि गॅरेथ यांना बोलावतो. त्यांनाही हे पटलेले नसते. पण राजाला नाही म्हणण्याचे बळ त्यांच्यात नाही. ते सांगतात, तुमची आज्ञा आहे म्हणून येतो, मात्र शस्त्र आणि चिलखत घालणार नाही. आणि ते तसेच, निःशस्त्र, चितेजवळ उभे राहतात. राणीला सोडवायला लान्सलॉट घोड्यावरून घुसतो आणि गर्दीत न ओळखता त्या दोघांना मारतो. त्यांतल्या गॅरेथला तर त्यानेच वीरपदाची दीक्षा दिलेली असते.

हे वाचले आणि मला दारातला मी दिसलो.

गॅरेथ वाईट नव्हता. उलट मॅलरीच्या ग्रंथात त्याच्याइतका निर्मळ वीर दुसरा सापडणे कठीण. आपण शस्त्र धरले नाही म्हणजे आपण यात नाही, असे त्याला वाटले असणार. मलाही वाटले होते. पण त्याच्या निःशस्त्र उभे राहण्याने राणीचा जीव वाचणार नव्हता, आणि माझ्या गप्प उभे राहण्याने त्या मुलाची एक रात्रही टळली नाही. अर्धा नकार हा ज्याला मदत हवी त्याच्या काहीच उपयोगाचा नसतो. त्याने फक्त आपल्याला झोप लागते, तीही काही दिवस.

गोलमेज मोडले ते शपथा मोडल्यामुळे, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. ते निम्मेच खरे आहे. भावांच्या मृत्यूनंतर गवेन लान्सलॉटच्या सूडाची शपथ घेतो आणि ती इमानाने पाळतो. लान्सलॉट राणीला दिलेला शब्द पाळतो. गॅरेथ राजाची आज्ञा पाळतो. जो तो कोणा ना कोणा माणसाशी बांधलेला, आणि पेंटेकॉस्टची सर्वांनी मिळून घेतलेली शपथ मात्र कोणालाच आठवत नाही. मरताना गवेन पत्र लिहून आपली चूक कबूल करतो. तोवर राज्य हातचे गेलेले असते. आपल्याकडे भीष्म याहून वेगळे काय करतात? प्रतिज्ञा मोडली नाही, खाल्ल्या मिठाला जागले, आणि भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्म सूक्ष्म आहे एवढेच म्हणाले.

कोणी म्हणेल, मग शब्दाला किंमतच नाही का? आहे. ज्या दादाने मला दवाखान्यात नेले त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. मैत्री, गट, नेता यांच्यासाठी झिजणारी मुले नसती तर आपले गॅदरिंगही झाले नसते. पण कोणालाही वचन देण्याआधी एक गोष्ट पारखून घ्यावी, असे मला आता वाटते : उद्या मी याला नाही म्हणालो तर चालेल का? चालणार असेल तर ती निष्ठा. चालणार नसेल तर ते दावे. आज सैल वाटते इतकेच.

यंदाचे हमीपत्र मी स्वतः भरले, आणि सगळी कलमे वाचून भरले. त्या मुलाचा पत्ता जुन्या मित्राकडून मिळवून त्याला पत्र लिहिले. रेक्टरांना आम्ही खोटे सांगितले होते, हे त्यात लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही. आता रेक्टरांना लिहायचे आहे. ते पत्र जास्त अवघड जाते आहे, कारण त्यात दादाचे नाव येणार. पण हे अंक हाती पडेपर्यंत तेही टपालात पडलेले असेल, असा शब्द मी आपल्या सर्वांसमोर देतो.

(तृतीय वर्ष, कला)